टोलंड की मिलर? १९४१ च्या कृष्णधवल छायालेखनाच्या ऑस्करचं प्रकरण

छायालेखनाचं बक्षीस कुणाला द्यायचं, यावर परीक्षक मंडळात दोन तट पडतात, तेव्हा वाद बहुतेक वेळा एकच असतो. डोळ्यांत भरणारं काम वरचं, की गोष्टीत मुरून गेलेलं? या वादाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २६ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात घडलं. १९४१ च्या चित्रपटांना द्यायच्या कृष्णधवल छायालेखनाच्या ऑस्करसाठी दहा नावं होती. त्यांत ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'चा ग्रेग टोलंड होता आणि जॉन फोर्डच्या 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'चा आर्थर मिलर. बक्षीस मिलरला मिळालं.

एरवी ही हकिकत 'केनवर अन्याय झाला' एवढ्या एका वाक्यात आटोपली जाते. मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. पण तो ज्या वाटेनं लागला, त्या वाटेवरचे काही निर्णय तपासून पाहण्यासारखे आहेत.

पार्श्वभूमी

छायालेखनाच्या ऑस्करचे कृष्णधवल आणि रंगीत असे दोन भाग १९३९ च्या चित्रपटांपासून झाले. त्याआधीची तीन वर्षं रंगीत कामाला वेगळं विशेष पारितोषिक देऊन भागवलं जात होतं. विभागणीला सबळ कारण होतं. टेक्निकलर या रंगीत पद्धतीचा कॅमेरा एकाच वेळी तीन निगेटिव्ह चालवायचा, त्याला प्रचंड उजेड लागायचा, आणि सेटवर टेक्निकलर कंपनीची स्वतःची माणसं हजर असायची. त्यामुळे रंगीत छायालेखनाच्या बक्षिसावर बऱ्याचदा दोन नावं दिसतात. कृष्णधवलमध्ये मात्र छायालेखक आपल्या दिव्यांचा धनी होता. शेजारी शेजारी ठेवून तोलावीत अशी ही दोन कामं नव्हती.

तरी दोन्ही विभागांचं वजन सारखं नव्हतं. १९४१ साली रंगीत विभागात सहा नामांकनं होती आणि कृष्णधवलमध्ये दहा. कार्ल फ्रॉइंड, जोसेफ रटनबर्ग, सोल पोलिटो, रुडॉल्फ माते, चार्ल्स लँग ही त्या यादीतली आणखी काही नावं. हॉलिवूडचा खरा आखाडा अजून कृष्णधवलचाच होता.

टोलंड निर्माता सॅम्युएल गोल्डविनच्या नोकरीत होता, पण त्याच्याइतकी मोकळीक दुसऱ्या कुठल्या पगारी कॅमेरामनला क्वचितच असेल. त्याची माणसं ठरलेली, उपकरणं ठरलेली, आणि दुसऱ्या स्टुडिओत उसना गेला की हा सगळा संसार त्याच्याबरोबर जायचा. 'वुदरिंग हाइट्स'साठी त्याला विभागणीनंतरचं पहिलंच कृष्णधवल ऑस्कर मिळालं होतं. १९४० मध्ये त्यानं जॉन फोर्डबरोबर दोन चित्रपट केले. त्यांतल्या 'द लाँग व्हॉयेज होम'च्या श्रेयनामावलीत फोर्डनं आपल्या नावाच्या पाटीवरच टोलंडचं नाव घेतलं. दिग्दर्शकाच्या पाटीवर कॅमेरामन, हे तेव्हा नवल होतं.

मिलर टोलंडच्या आधीच्या पिढीचा. मूकपटांच्या काळात वाढलेला. १९१४ च्या 'द पेरिल्स ऑफ पॉलिन' या मालिकेवर त्यानं कॅमेरा चालवला होता. पुढे तो फॉक्स स्टुडिओच्या पगारावर आला आणि स्टुडिओ सांगेल तो चित्रपट करत राहिला. शर्ली टेम्पलचेही चित्रपट त्यानं केले. म्हणून तो जुन्या धुरकट, मऊ फोकसच्या पठडीतला असेल असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. त्याला मऊ फोकस आवडत नसे. ठसठशीत, धारदार प्रतिमा आणि जमेल तितका खोल फोकस, म्हणजे जवळचं आणि दूरचं दोन्ही एकदम स्पष्ट दिसणं, हीच त्याची आवड होती. 'नवा विरुद्ध जुना' असा सरळ सामना लावणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

दोन कामं, जवळून

'केन'मध्ये केनची बायको सुझन हिच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे. चौकटीत अगदी पुढे काचेचा पेला, त्यात चमचा, बाजूला औषधाची बाटली. इतकं पुढे की पेला माणसापेक्षा मोठा दिसतो. मध्यभागी अंथरुणावर सुझन, चेहरा जवळजवळ अंधारात. अगदी मागे दार, त्याच्या फटीतून येणारा उजेड. तिचा जड श्वास ऐकू येतो, दारावर थापा पडतात आणि केन दार फोडून आत येतो. काय घडलं, कुणामुळे घडलं आणि कोण उशिरा पोचलं, हे एकाही कटशिवाय एकाच चौकटीत कळतं.

टोलंडनं या चित्रपटासाठी रुंद कोनाची भिंगं, १९३८ मध्ये बाजारात आलेली वेगवान सुपर डबल एक्स फिल्म, परावर्तन टाळणारा लेप दिलेल्या काचा आणि प्रखर आर्क दिवे यांची सांगड घातली. इतर छायालेखक भिंगाचं छिद्र मोठं उघडून काम करायचे. तो एफ ८ पासून एफ १६ पर्यंत ते आवळत गेला, कारण छिद्र जितकं लहान तितका फोकस खोल. सेटना कापडी छत लावलं, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर पाहिलं तरी खोली खरी वाटावी. पण पेल्याची ती चौकट केवळ भिंगाच्या जोरावर निघालेली नाही. आधी पुढच्या वस्तूंवर उजेड आणि फोकस ठेवून, मागे काळोख करून चित्रण केलं. मग फिल्म मागे फिरवून, पुढे काळोख करून मागची खोली त्याच फिल्मवर घेतली. इतर काही चौकटी 'केन' काढणाऱ्या आरकेओ स्टुडिओच्या लिनवुड डननं ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे वेगवेगळ्या फिल्मवरची चित्रं एकत्र छापणाऱ्या यंत्रावर, जोडल्या आहेत. निकालाचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण 'टोलंडचा डीप फोकस' म्हणून जे नावाजलं जातं त्यात बरीच कारागिरी प्रयोगशाळेची आणि दुबार चित्रणाची आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण तो श्रेयाचा प्रश्न जरूर आहे.

'व्हॅली'तला लग्नाचा प्रसंग बघा. मनाविरुद्ध खाणमालकाच्या मुलाशी लग्न झालेली अँगरॅड चर्चमधून बाहेर येते. वाऱ्यानं तिचा पांढरा लांब बुरखा वर उसळतो आणि काळ्या दगडांच्या पार्श्वभूमीवर हवेत ताठ उभा राहतो. ती घोडागाडीत बसते, गाडी निघून जाते. मग लक्षात येतं, पार मागे, झाडाखाली, एक माणूस उभा आहे. तिचं ज्याच्यावर प्रेम होतं तो पाद्री. बोटभर उंचीची आकृती. तो वारा नशिबानं आलेला नव्हता. पंखे लावून, जागा ठरवून तो आणलेला होता. असं सांगतात की मिलरनं फोर्डला विचारलं, पाद्र्याचा क्लोजअप घ्यायचा का? फोर्डनं साफ नाही म्हटलं. घेतला तर स्टुडिओवाले संकलनात तो वापरल्याशिवाय राहणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माणसाचं दुःख पार मागे, लहान करून ठेवायचं, पण धूसर होऊ द्यायचं नाही: इथेही फोकस खोल आहे. फरक एवढाच की बघणाऱ्याला कॅमेरा आठवत नाही.

पेच

मतदारांपुढचा पहिला पेच या दोन प्रसंगांतच आहे. एका कामानं छायालेखनात काय काय करता येतं याची हद्द पुढे सरकवली. दुसऱ्यानं आधीच हाती असलेलं सगळं इतक्या तयारीनं वापरलं की त्यात खोट काढायला जागा नाही. 'सर्वोत्कृष्ट' म्हणजे यांतलं काय, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. आजही नाही.

दुसरा पेच चित्रपटाबाहेरचा. 'केन' आपल्यावर बेतलेला आहे असं मानून वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टनं आपल्या पत्रांतून चित्रपटाची जाहिरात आणि उल्लेख बंद केला. एमजीएम स्टुडिओच्या लुई मेयरच्या पुढाकारानं आरकेओच्या जॉर्ज शेफरना निगेटिव्ह नष्ट करण्यासाठी आठ लाखांच्या घरात डॉलर देऊ केले गेले, म्हणजे जवळपास चित्रपटाचा सगळा खर्च. शेफरनी नकार दिला. चित्रपट १ मे १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये लागला, पण हर्स्टच्या धाकानं अनेक थिएटरसाखळ्या त्याच्यापासून दूर राहिल्या आणि तो तोट्यात गेला. पुरस्काराच्या रात्री त्याचं नाव पुकारल्यावर हुर्यो उडवली गेली, असं त्या काळच्या हकिकतींत आहे.

तिसरा पेच युद्धाचा, आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. फॉक्सचा डॅरिल झॅनक 'व्हॅली' हा भव्य, रंगीत चित्रपट म्हणून, गोष्ट जिथे घडते त्या ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात प्रत्यक्ष जाऊन करायला निघाला होता. ब्रिटनवर बॉम्ब पडत होते, त्यामुळे ते शक्य नव्हतं. मग कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगरात अख्खं खाणगाव उभारलं. तिथल्या रानफुलांचा आणि गवताचा रंग वेल्सच्या हिरवाईशी जुळेना, म्हणून रंग सोडून दिला. बेत ठरल्याप्रमाणे पार पडला असता, तर हा चित्रपट रंगीत विभागात गेला असता आणि टोलंड-मिलर हा सामना झालाच नसता. दोन विभाग ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं केले खरे, पण त्या वर्षी कोण कुठल्या विभागात उतरलं, हे निदान एका बाबतीत जर्मन विमानांनी ठरवलं.

समोरचे पर्याय

प्रत्येकापुढे काही ना काही निवड होती.

टोलंडपुढची निवड बोलायचं की गप्प राहायचं, ही होती. तो बोलला. चित्रपट लागण्याआधीच फेब्रुवारी १९४१ मध्ये छायालेखकांच्या व्यावसायिक मासिकात त्याचा लेख आला, आणि जूनमध्ये हौशी छायाचित्रकारांच्या मासिकात दुसरा. 'केन'मध्ये आपण नियम कसे मोडले, हाच दुसऱ्या लेखाचा विषय आणि तेच शीर्षक. याउलट पर्याय होता कामच बोलू द्यायचा. मिलरनं तो निवडला, किंवा असं म्हणू की फॉक्सच्या नोकरीत त्याला दुसरा पर्याय सुचलाच नसेल.

ऑर्सन वेल्सपुढे श्रेय कसं वाटायचं, ही निवड होती. पंचविशीचा हा रंगभूमीचा माणूस सुरुवातीला सेटवर स्वतःच दिवे लावत सुटला, कारण नाटकात ते दिग्दर्शकच करायचा. टोलंड मागून गुपचूप ते नीट करायचा आणि कुणालाही वेल्सला टोकू द्यायचा नाही. ही गोष्ट पुढे वेल्सनंच सांगितली. फोर्डसारखंच वेल्सनंही आपल्या पाटीवर टोलंडचं नाव घेतलं. कृतज्ञतेची याहून मोठी खूण नाही. पण आज मागे वळून पाहताना मला एक शंका येते. 'केन'वर ज्यांचा राग होता, त्यांच्या नजरेत टोलंड आणि वेल्स यांची नावं या पाटीनं कायमची चिकटवून टाकली. हा माझा अंदाज आहे. मतपत्रिका कुणी दाखवलेल्या नाहीत.

अकादमीपुढे दोन निवडी होत्या. एक, युद्ध सुरू असताना सोहळा करायचा की नाही. दोन, नव्या तंत्राला कुठल्या दारातून आत घ्यायचं.

काय केलं गेलं

सोहळ्याचा घोळ बराच रंगला. १९४१ च्या अखेरीस अकादमीची अध्यक्ष झालेल्या अभिनेत्री बेटी डेव्हिसनं सुचवलं की मेजवानी सोडा, मोठ्या थिएटरात तिकिटं लावून कार्यक्रम करा आणि पैसे युद्धमदतीला द्या. कार्यकारी मंडळाला हे पटलं नाही. डेव्हिस थोड्याच आठवड्यांत पायउतार झाली. पर्ल हार्बरनंतर मेजवानी रद्द करायचं ठरलं, मग पुन्हा करायचं ठरलं, फक्त तिला जेवण म्हणायचं, नाच नाही, भारी पोशाख नाही. पुरस्काराच्या दोनच रात्री आधी लॉस एंजेलिसवर जपानी विमानं आल्याची हूल उठली आणि विमानविरोधी तोफांनी चौदाशेवर गोळे डागले. विमान एकही नव्हतं. अशा मनःस्थितीत मंडळी बिल्टमोरला जमली. तुटत चाललेल्या कुटुंबाची, कोळशाच्या गावाची, आईची आणि हरवलेल्या बालपणाची गोष्ट त्या आठवड्यात लोकांच्या काळजाला अधिक भिडली, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. (डेव्हिसची थिएटरची कल्पना दोन वर्षांनी, १९४४ च्या सोहळ्यात, अमलात आलीच.)

नव्या तंत्राबाबत अकादमीनं काय केलं, ते अधिक बोलकं आहे. 'केन'चं छायालेखन नेहमीच्याच विभागात, नेहमीच्याच मतदानावर सोडलं गेलं. आणि त्याच रात्री 'फॅन्टासिया'तल्या ध्वनीच्या नव्या वापरासाठी वॉल्ट डिस्ने आणि त्याच्या ध्वनितंत्रज्ञांना विशेष पारितोषिक दिलं गेलं. म्हणजे स्पर्धेबाहेर मान द्यायचं दार होतं. कॅमेऱ्यासाठी ते कुणी ठोठावलं नाही.

निकाल

'व्हॅली'ला दहा नामांकनांपैकी पाच ऑस्कर मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, सहायक अभिनेता, कृष्णधवल कलादिग्दर्शन आणि कृष्णधवल छायालेखन. 'केन'ला नऊ नामांकनांतून एक, मूळ पटकथेचं, वेल्स आणि हर्मन मँकिविट्झ यांना. रंगीत छायालेखनाचं बक्षीस 'ब्लड अँड सँड'ला गेलं. टोलंडचा त्याच वर्षीचा 'द लिटल फॉक्सेस'ही नऊ नामांकनं घेऊन उतरला होता, पण त्यांत छायालेखनाचं नव्हतं.

पुढची युद्धवर्षं पाहिली की मतदारांचा कल स्पष्ट दिसतो. १९४२ चं बक्षीस 'मिसेस मिनिव्हर'साठी रटनबर्गला. वेल्सच्या पुढच्या चित्रपटाचा छायालेखक स्टॅन्ली कोर्टेझ त्या यादीत मागे राहिला. १९४३ चं पुन्हा मिलरला, 'द साँग ऑफ बर्नाडेट'साठी. १९४४ ला 'लॉरा'साठी जोसेफ लाशेल जिंकला, जो आधी मिलरचाच कॅमेरा ऑपरेटर होता. 'डबल इंडेम्निटी'चा जॉन साइट्झ हरला. पडद्यांच्या फटींतून भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांनी येणारा तो उजेड पुढे कितीजणांनी उचलला, याची मोजदाद नाही, पण ऑस्कर त्याला मिळालं नाही. नितळ, सुबक आणि भावनेला हात घालणारं काम जिंकत राहिलं. हर्स्टचा राग या निकालांना लागू होत नाही. म्हणूनच १९४१ चा निकाल निव्वळ हर्स्टच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. हर्स्ट नसता तरी मिलरचं पारडं जड राहिलं असतं.

टोलंड युद्धात फोर्डच्या नौदल चित्रण-तुकडीत गेला. पर्ल हार्बरवरचा 'डिसेंबर सेव्हन्थ' त्यानंच चित्रित केला आणि फोर्डच्या जोडीनं दिग्दर्शितही केला. लांब आवृत्ती वरिष्ठांना रुचली नाही, ती कापून आखूड केली गेली. त्या आखूड आवृत्तीला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. परतल्यावर १९४६ मध्ये त्यानं 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' केला. दुकानात, बारमध्ये, घरात तीन तीन पातळ्यांवर माणसं ठेवणारा खोल फोकस इथे अजिबात मिरवत नाही. 'केन'मध्ये जे दाखवलं जात होतं ते इथे जिरलेलं आहे. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ऑस्करांचा ढीग मिळाला. छायालेखनाचं नामांकनही नाही. त्या वर्षी कृष्णधवल विभागात दहा सोडाच, फक्त दोन नावं होती, आणि जिंकला पुन्हा मिलर. सप्टेंबर १९४८ मध्ये टोलंड गेला तेव्हा तो ४४ वर्षांचा होता.

कुणावर अन्याय झाला असेल, तर माझ्या मते तो इथे, १९४६ मध्ये. १९४१ ला टोलंड निदान शर्यतीत उतरून हरला.

वेगळं काय करता आलं असतं

टोलंडच्या लेखांबद्दल 'लिहायला नको होते' असं मी म्हणणार नाही. त्या लेखांतून पुढच्या पिढ्या शिकल्या. वेळ मात्र चुकली असं वाटतं. बहुतेकांनी चित्रपट पाहिला नसताना 'मी नियम मोडले' हे वाचलं की माणूस थिएटरात नियम मोजायला बसतो. लेख सहा महिने उशिरा आले असते, तर पेल्याची ती चौकट आधी प्रसंग म्हणून पाहिली गेली असती, तंत्र म्हणून मागाहून.

विभागणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. ती १९६६ पर्यंत टिकली, मध्ये १९५७ चा एक अपवाद वगळता. १९६७ च्या चित्रपटांपासून पुन्हा एकच बक्षीस झालं. गंमत अशी की आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत छायालेखनाचे कृष्णधवल आणि रंगीत असे दोन विभाग सुरू झाले ते नेमके १९६७ च्या चित्रपटांपासून. तिकडे कृष्णधवल संपत आलं होतं, इकडे ते अजून रोजच्या वापरात होतं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. युद्धकाळात विभाग ठेवणं योग्यच होतं. पण साधनाप्रमाणे विभाग पाडल्यावर त्या साधनात नवं काय घडलं याचीही दखल घ्यायला हवी होती, आणि त्यासाठी मतदानावर विसंबून भागत नाही. मतदार आवडलेल्याला मत देतो. नवं काम पहिल्या वर्षी क्वचितच आवडतं.

नामांकनांची संख्याही तशीच मोकाट सोडलेली. एका वर्षी दहा, पाच वर्षांनी दोन. दहांत मतं विखुरतात, दोनांत चांगलं काम दाराबाहेर राहतं. आजच्या कुठल्याही परीक्षक मंडळाला हा आकडा आधी ठरवून मग कामं बघता येतात, आणि तसं करायला खर्चही नाही.

सर्वांत सोपा मार्ग होता विशेष पारितोषिकाचा. मिलरला त्याचं हक्काचं बक्षीस, आणि 'केन'मधल्या खोल फोकससाठी, दुबार चित्रणासाठी, ऑप्टिकल प्रिंटरच्या वापरासाठी वेगळा मान. 'फॅन्टासिया'च्या वेळी डिस्नेबरोबर ध्वनितंत्रज्ञांची नावं आली, तशी टोलंडबरोबर डनचीही आली असती आणि श्रेयाचा प्रश्नही जागच्या जागी सुटला असता. डनला त्याच्या ऑप्टिकल प्रिंटरसाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कार पुढे १९४४ च्या यादीत मिळाला. टोलंडच्या नावापुढे 'वुदरिंग हाइट्स' हे छायालेखनाचं एकच ऑस्कर राहिलं.